त्रिमूर्तीनगरची संध्याकाळची मैदानी बॅच : पोरं तासाभरात खरंच किती पळतात?

बॅच कशी आहे म्हटलं की लोक आधी फी विचारतात, मग सर कोण आहेत, मग सर्टिफिकेट मिळतं का. मी मात्र एकच गोष्ट बघते, त्या तासाभरात माझं पोरगं खरोखर किती वेळ हलतंय. कारण क्लासला जाणं वेगळं आणि पळणं वेगळं. याआधी आम्ही एका क्रिकेट कोचिंगला मुलाला घातलं होतं, नाव नाही घेत, तिथे दीड तासाच्या सेशनमध्ये एका नेटमागे वीस-बावीस पोरं रांगेत उभी, सहा बॉल खेळले की पुन्हा रांग, आणि वरून वेळ साडेसात ते नऊ, म्हणजे घरी येऊन जेवण दहाला, झोप अकराला, आणि सकाळी सव्वासहाला स्कूल बस. पांढरे कपडे मात्र रोज धुवावे लागायचे!

आता ज्या बॅचबद्दल लिहितेय ती आमच्याकडे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात एका ओपन स्पेसवर रोज साडेपाच ते पावणेसात असते, रविवारी सुट्टी. खो-खो, लंगडी, डॉजबॉल, दोरीउड्या, कधी कबड्डी, कधी नुसती पकडापकडी. नाव मोठं नाही, बोर्डसुद्धा नाही, एक सर आणि त्यांच्या मदतीला कॉलेजची एक ताई. फी महिन्याला हजाराच्या आत आहे.

मला सगळ्यात आवडलं ते हे की सरांचं लक्ष पोरं उभी राहू नयेत यावर असतं. खो-खो नियमाने खेळला तर आठ जण पाटीवर बसलेले आणि एकच पळणारा, बचाव करणारेही तिघंच मैदानात, बाकीचे बाहेर वाट बघणार. म्हणून सर चार-चार पोरांच्या छोट्या टीम करतात, एकाच वेळी तीन ठिकाणी डाव लावतात, त्यामुळे प्रत्येकाचा नंबर दर मिनिटाला येतो. डॉजबॉलमध्ये जो आऊट झाला त्याला बाहेर बसवत नाहीत, तो दहा दोरीउड्या मारतो आणि परत आत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नेहमीच्या नियमात सगळ्यात आधी आऊट होतं ते जाडं किंवा हळू पोरगं, म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० पासूनचं सांगणं असं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस जोरदार खेळ आणि हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी असावं. जोरदार म्हणजे काय हे सरांनी पहिल्याच दिवशी पालकांना सोपं करून सांगितलं, खेळताना पोरगं बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही म्हणजे मध्यम, आणि दोन शब्दांनंतर धाप लागते म्हणजे जोरदार. लंगडी आणि दोरीउड्या या दुसऱ्या प्रकारात बसतात आणि हाडांसाठीही चांगल्या, एका पायावर सगळं वजन घेऊन उडी मारायची म्हणजे थोडं काम नाही ते. आठवड्यातले तीन दिवस लंगडी ठरलेलीच असते.

वजनाचं म्हणाल तर इथे कोणी 'महिन्यात पाच किलो कमी' असलं काही सांगत नाही आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. माझा मुलगा चौथीत आहे, आमच्या बालरोगतज्ज्ञांनी भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या चार्टवर त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते, मांडून दाखवला होता. मुलांचा बीएमआय मोठ्यांसारखा सरळ आकड्यावर बघायचा नसतो, वय आणि मुलगा की मुलगी यावर रेषा बदलते, त्या चार्टवर मोठ्यांच्या २३ शी जुळणारी रेषा ओलांडली की ओव्हरवेट आणि २७ शी जुळणारी ओलांडली की लठ्ठपणा. आमचा पहिल्या रेषेच्या थोडा वर. डॉक्टर म्हणाले की या वयात वजन उतरवायचं नाही, ते आहे तिथे धरून ठेवायचं आणि उंची वाढू द्यायची, डाएट वगैरे मनाने काही करू नका. बॅचमध्ये हे सांगितलं तेव्हा सरांना ते आधीपासून माहीत होतं. तीन महिन्यांनी ते उंची-वजन घेतात पण एकेकाला बाजूला बोलावून, आकडा फक्त आईबाबांना सांगतात, पोरांसमोर मोठ्याने वाचत नाहीत. 'ए जाड्या' म्हणणाऱ्याला त्या दिवशी खेळातून बाहेर काढतात, मैदानात बाहेर बसायची शिक्षा फक्त यालाच आहे. मुलगी सातवीत आहे, तिच्या वयाच्या मुली हळूहळू खेळणं सोडून देतात हे मी सोसायटीत बघतेय, इथे ताई असल्यामुळे तिच्यासारख्या सात-आठ जणी टिकून आहेत.

आणखी एक नियम, जो काही पालकांना जाचक वाटतो. जवळ राहणाऱ्या पोरांना गाडीवरून सोडायचं नाही, पायी किंवा सायकलने यायचं, रिंग रोड क्रॉस करणाऱ्यांना मात्र सूट. सुरुवातीला किती कुरकुर झाली बाप्पा! पण विचार करा ना, पोरगं सकाळी बसमध्ये बसून जातं, शाळेत बसून असतं, बसून येतं, ट्यूशनला बसतं, मोबाईल घेऊन सोफ्यावर बसतं, आणि आपण त्याला चार गल्ल्यांवर असलेल्या मैदानावर पण ॲक्टिव्हावर बसवून नेतो. येण्या-जाण्याचं ते चालणं फुकटात मिळतं. आता माझी दोघं किराणा आणायलासुद्धा पायी जातात, सांगावं लागत नाही.

झोपेचा फरक तर मी सगळ्यांनाच सांगते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, कमी झोपेत भुकेचे हार्मोन बिघडतात आणि पोरं गोड-तळलेलं जास्त मागतात. इथून सातला घरी, आठला जेवण, नऊ-सव्वानऊला पोरं स्वतःहून आडवी होतात कारण अंग दमलेलं असतं, टीव्हीवरून भांडायला त्राणच राहत नाही. बॅचची वेळ बघताना हे नक्की बघा, रात्री उशिराची कितीही भारी अकॅडमी असली तरी सकाळच्या शाळेच्या पोरांसाठी ती माझ्या मते चुकीचीच.

आता जे पटलं नाही ते. एक म्हणजे मैदानाच्या गेटवरच समोसा आणि कोल्ड ड्रिंकचा ठेला लागतो. तासभर पळून जेवढं खर्ची पडतं तेवढं एका मोठ्या समोशात परत येतं, आणि ३०० मिलीच्या कोला ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकायला एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२० चे नियम मनाई करतात, पण ओपन स्पेसला कोण विचारतंय. ठेलेवाल्या भाऊंशी वैर नाही, त्यांचंही पोट आहे, आम्ही काही जणींनी त्यांना चणे, उकडलेल्या शेंगा आणि सीझनला संत्री ठेवायला सांगितलं, शेंगा ठेवल्यात आणि संपतात पण. माझी पोरं घरून केळं आणि गूळ-शेंगदाणे नेतात. खेळाच्या जोरावर काहीही खाल्लं तरी चालतं असं सरही म्हणत नाहीत, नुसत्या खेळाने वजनावर होणारा फरक थोडाच असतो, ताटाकडे बघावंच लागतं.

दुसरं, टॉयलेट नाही. मुलींसाठी ही फार मोठी अडचण आहे, समोरच्या एका काकूंच्या घरी जातात, पण ही काही व्यवस्था नव्हे, पालकांनी मिळून नगरसेवकांकडे अर्ज द्यायला हवा आणि त्यावर सही करायला मी सगळ्यात पुढे असेन. तिसरं, पावसाळ्यात चिखल झाला की बॅच सरळ रद्द, सर व्हॉट्सॲपवर घरी करायच्या उड्यांचा व्हिडिओ टाकतात, किती घरात होतं देवच जाणे. हिवाळ्यात पावणेसहालाच अंधारतं आणि दोनच लाईट आहेत, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी अर्धा तास आधी सुरू करतात, तेव्हा शाळेतून उशिरा येणाऱ्यांची पंचाईत होते.

पाचपैकी चार देईन, टॉयलेटसाठी एक कापला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वेळ सकाळी पावणेसहा ते सात होते, मे महिन्यात ४५ डिग्रीच्या नागपुरात दुसरा इलाजच नाही, आणि सर दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला लावतात. ट्रायलचे पैसे घेत नाहीत, पण एका दिवसावर ठरवू नका, चार-पाच दिवस सलग आणा, पहिल्या दिवशी पोरं लाजून कोपऱ्यात उभी असतात. महागडे शूज लागत नाहीत, साधे कॅनव्हास चालतात, पाण्याची बाटली मोठी द्या आणि टोपी विसरू नका.