सीटखाली मावणारी २० सेंटिमीटरची बॅग: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेली ही पाठीवरची नायलॉनची बॅग. माप ४० × ३० × २० सेंटिमीटर, रिकामी असताना वजन किलोला थोडं कमी, तीन बाजूंनी चेन उघडली की सूटकेससारखी आडवी पसरते. किंमत साडेतीन हजारांच्या घरात. कामासाठी पुणे–बंगळुरू आणि हैदराबाद, आईकडे नागपूरला आणि एकदा दादा-वहिनींकडे बर्लिनला जाऊन तिथून पुढे रोमला, अशा सगळ्या प्रवासांत ती माझ्या पायांशी होती. कंपनीचं नाव देत नाही. या मापाची आणि रचनेची बॅग बऱ्याच कंपन्या बनवतात, आणि मला सांगायचंय ते मापाबद्दल.

दुकानात आणि वेबसाइटवर बॅग लिटरवर विकतात. ‘३० लिटर, सीटखाली मावते’ असं ठळक लिहिलेलं असतं. पण ४० गुणिले ३० गुणिले २० म्हणजे २४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर २४ लिटर, आणि तेही बॅग खोक्यासारखी चौकोनी असेल तर. कडा गोल असल्या की वीस-बावीसच उरतात. मग या मापात ३० लिटर बसणार कुठून? ते बसतात जाडीत. रिकामी बॅग २० सेंटिमीटर दिसते आणि भरली की पोट सुटून २६-२७ होते. लांबी-रुंदी शिवणीने बांधलेली असते, ती फारशी बदलत नाही. बदलते ती जाडी, आणि सीटखाली अडते तीही जाडीच. म्हणून बॅग निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: पूर्ण भरल्यावर हिची जाडी किती?

आपल्याकडच्या नियमांतही हे दिसतं. इंडिगोची केबिन बॅगेची मर्यादा ५५ × ३५ × २५, एअर इंडियाची ५५ × ४० × २०. दोन्हींची बेरीज ११५ सेंटिमीटरच, पण जाडीत पाच सेंटिमीटरचा फरक. वीसच्या आत राहणारी बॅग दोन्हीकडे चालते. इकॉनॉमीत वजनाची मर्यादा दोन्हीकडे सात किलो. लॅपटॉप बॅग किंवा पर्स वेगळी नेता येते, पण तिलाही इंडिगोत तीन किलोची मर्यादा आहे. माझा सल्ला असा, की ही बॅग हीच तुमची एकमेव बॅग समजून भरा. मग गेटवर कोणी काहीही मोजलं तरी छातीत धस्स होत नाही.

सीटखालची जागा नेमकी कशी असते, हे या महिन्यांत मी जरा लक्ष देऊन पाहिलं. समोरच्या सीटखाली, पुढच्या बाजूला, धातूची आडवी नळी असते. वेग अचानक कमी झाला तर सामान पुढे घसरू नये म्हणून ती बसवलेली असते. वाटेच्या कडेच्या सीटला आणखी एक अडथळा असतो, कारण तिथलं सामान मधल्या वाटेत सरकता कामा नये. त्यामुळे एअरबस ए३२० सारख्या विमानात कडेच्या सीटखालची जागा पुष्कळदा अरुंद लागते, आणि ज्या मधल्या सीटला सगळे नाकं मुरडतात तिच्यापुढे बॅग सगळ्यांत ऐसपैस बसते. वरून समोरच्या प्रवाशाचं लाइफ जॅकेटही बहुतेक तिथेच टांगलेलं असतं, त्यामुळे उंच बॅग त्याला घासते. सीटमागे स्क्रीन असलेल्या विमानांत काही सीटांखाली त्या यंत्रणेचा डबाही असतो. पहिल्या रांगेत समोर सीटच नसते, आणि आपत्कालीन दाराच्या रांगेत उड्डाण व उतरताना पायाशी काही ठेवू देत नाहीत. या दोन्ही रांगांत बॅग वरच जाते. सीटखालची बॅग घेऊन निघालात तर सीट निवडताना या रांगा टाळा.

उभी ठेवू नका, आडवी ठेवा. पाठीकडची बाजू खाली, वरचं हँडल आपल्या पायांकडे. अशी ठेवली की वरचा छोटा कप्पा अगदी हाताशी येतो. औषधं, चष्मा, रुमाल, पेन, सगळं त्यात. आणि २० सेंटिमीटर जाडीची बॅग आडवी गेली की तिच्यापुढे पाऊल टाकायला जागा उरते. दोन-अडीच तासांच्या प्रवासात गुडघ्यांना याचा केवढा आराम असतो, ते आधी जाड बॅग वापरलेल्यांना लगेच कळेल.

कापडाबद्दल थोडं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, त्यामुळे आकडा मोठा तसा धागा जाड. माझी बॅग ४२० डेनियर नायलॉनची आहे. दुकानात ६०० डेनियर पॉलिएस्टरचीही होती आणि आकडा मोठा म्हणून विक्रेता तीच पुढे करत होता. पण सारख्या जाडीला नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, आणि इथे बॅग हलकी असणं हाच अर्धा विजय आहे. सात किलोंतले दीड किलो रिकाम्या बॅगेनेच खाल्ले तर उरलं काय? चाकांची छोटी बॅगही पाहिली होती. चाकं आणि दांडा यांनी आतली जागा तर खाल्लीच, शिवाय ती कुठूनच दबत नाही. सीटखाली मऊ बॅगच हवी, दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी सामावून घेणारी.

आता भरणं. माझ्या मते खरी बॅग इथे घडते. तीन दिवसांच्या कामासाठी माझं सामान साधारण असं: अंगावर जीन्स, बूट आणि जाकीट, म्हणजे जे जड ते सगळं अंगावर. आत दोन सुती कुर्ते, एक पातळ पँट, रात्रीचे कपडे, आतले कपडे, रबरी चपला, आंघोळीचं पाऊच, लॅपटॉप, त्याचा चार्जर, पाण्याची रिकामी बाटली आणि खाण्याचा डबा. लॅपटॉप दीड किलोच्या आत, चार्जर पाव किलोच्या वर, बॅग स्वतः किलोभर. म्हणजे कपडा घालण्याआधीच पावणेतीन किलो होतात. एवढं सगळं भरून काट्यावर साडेपाच ते सहा येतं. लटकवायचा छोटा वजनकाटा घरी ठेवा. पाच-सातशे रुपयांची वस्तू आहे आणि निघताना मन शांत ठेवते.

कपड्यांच्या गुंडाळ्या करायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. या बॅगेला तो लागू पडत नाही. गुंडाळ्या गोल असतात, मधे फट राहते आणि बॅगेचं पोट सुटतं. सपाट घड्या हव्यात, बॅगेच्या रुंदीएवढ्या, वह्यांच्या गठ्ठ्यासारख्या एकावर एक. हवा दाबून बंद करायच्या पिशव्याही मी वापरून सोडल्या. त्यांनी कपडे लहान होतात खरे, पण मधोमध कडक गोळा तयार होतो आणि नेमका तिथेच जाडीचा हिशेब बिघडतो. शिवाय जागा वाचली म्हणून आपण आणखी एक कुर्ता कोंबतो, आणि वजन काही दाबल्याने कमी होत नाही. त्यापेक्षा जाळीचं एकच पातळ पाऊच, त्यात सगळे कपडे, दोन-तृतीयांश भरलेलं.

क्रम असा: पाठीला लागून लॅपटॉप, मग कपडे, बाहेरच्या अंगाला आंघोळीचं पाऊच आणि डबा. जड वस्तू पाठीजवळ राहिल्या की खांदे ओढले जात नाहीत. तेलाच्या आणि क्रीमच्या बाटल्या बंद करताना थोड्या दाबून हवा काढून टाका. विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब सहा-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा एवढा होतो, आतली हवा फुगते आणि झाकणाशी गळती सुरू होते. बाटल्या एका झिपच्या पिशवीत असल्या की बाकीचं सामान सुरक्षित राहतं. घरी पुठ्ठ्याची एक चौकट करून ठेवली आहे, आतून ३० बाय २० सेंटिमीटरची. भरलेली बॅग त्यातून अडल्याशिवाय गेली की मी निघते. अडली तर एक कुर्ता बाहेर.

नागपूरहून परतताना वेगळा विचार करावा लागतो, कारण आई रिकाम्या हाताने पाठवत नाही. संत्रा बर्फीचा खोका सपाट असतो, तो छान बसतो. कुरडया मात्र जागा खातात आणि मोडतात, त्या मी टपालानेच मागवते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कधीही देऊ-घेऊ नका. त्यांतल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते ज्वालाग्राही मालात मोडतं. केबिन बॅगेतही नको, चेक-इनमध्येही नको. बऱ्याच घरांत हे ठाऊक नसतं आणि सुरक्षा तपासणीत वयस्क माणसांना उगाच पिशवी उपसायला लागते, ते पाहवत नाही.

तपासणीच्या रांगेत या बॅगेची रचना खरी उपयोगी पडली. लॅपटॉपचा कप्पा स्वतंत्र चेनचा आहे, मुख्य कप्पा उघडावा लागत नाही. चार्जर, पॉवर बँक, केबल, इअरफोन हे सगळं एकाच पाऊचमध्ये. पुण्यात लोहगावला काय किंवा बंगळुरूला काय, लॅपटॉप आणि हे पाऊच ट्रेमध्ये ठेवायचं, बॅग मागून सोडायची. पाच वस्तू वेगवेगळ्या वेचायच्या नाहीत, त्यामुळे काही मागे राहायची धास्ती नाही.

पॉवर बँकेबद्दल थोडं सविस्तर, कारण सीटखालची बॅग घ्यायला माझ्या मते हे सगळ्यांत ठोस कारण आहे. पॉवर बँक चेक-इन सामानात द्यायला मनाई आहे, ती केबिनमध्येच हवी. १०० वॉट-तासांपर्यंतची बिनपरवानगी चालते. नेहमीची १०,००० एमएएचची बँक ३७ वॉट-तासांची असते, २०,००० ची ७४ ची. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणापूर्वी जळालं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासाचा रोख पॉवर बँकेकडे गेला. त्यानंतर कोरियाने ती वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली, आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरच बंद केला. डोक्यावरच्या बंद कप्प्यात बॅटरी तापली तर कळायला उशीर होतो. पायाशी असेल तर वास, धूर, उष्णता लगेच जाणवते आणि कर्मचाऱ्यांना बोलावता येतं. वरचे कप्पे भरले की शेवटी चढणाऱ्यांच्या ट्रॉली दारातच टॅग लावून खाली पाठवतात, आणि तेव्हा घाईघाईत पॉवर बँक काढायची कित्येकांच्या लक्षात राहत नाही. सीटखालची बॅग त्या वाटेला जातच नाही.

युरोपात तर ही बॅग वसूल झाली. बर्लिनपर्यंत भेटवस्तूंची मोठी बॅग चेक-इनमध्ये होती, पण तिथून रोमला जाताना फक्त ही. तिकडच्या स्वस्त विमान कंपन्या मोफत फक्त सीटखालची बॅग देतात. विझ एअरचं माप ४० × ३० × २०, रायनएअरनेही २०२५ मध्ये २५ वरून ३० करून तेच माप घेतलं, ईझीजेटचं ४५ × ३६ × २०. तिन्हींत जाडी पुन्हा वीसच! गेटवर धातूचा साचा असतो, बॅग त्यात उतरली पाहिजे. नाही उतरली तर रायनएअरकडे ७५ युरोंपर्यंत आकारणी होते, तेवढ्यात इथे दोन बॅगा येतील. माझी सरळ खाली गेली, वर थोडी जागाही उरली. दादा-वहिनींनी परत आल्यावर स्वतःसाठी याच मापाच्या दोन घेतल्या.

आता तक्रारी. बाटलीच्या बाजूच्या कप्प्याचं इलॅस्टिक चार-पाच महिन्यांत सैल पडलं, वाकलं की बाटली निसटते. खालचे कोपरे घासून पांढरट झालेत. धागा तुटलेला नाही, पण विमानाच्या फरशीवर सतत सरकवायची बॅग म्हटल्यावर तिथे कापडाचा दुहेरी थर द्यायला हवा होता. पावसात चेनमधून पाणी आत झिरपतं, कापडातून नाही. लॅपटॉप नेत असाल तर पावसाळ्यात वेगळं कव्हर घ्या. डाव्या पट्ट्याची शिवण उसवायला लागली होती, ती पेठेतल्या बॅग दुरुस्तीवाल्या काकांनी दुहेरी टाके घालून ऐंशी रुपयांत पक्की करून दिली. उजवीकडेही तसंच करून घेतलं. नवी बॅग घेतल्याबरोबर हे करून घ्या असं मी म्हणेन. मुख्य चेन मात्र अजून लोण्यासारखी चालते, आणि पाठीमागची रुंद पट्टी मोठ्या बॅगेच्या दांड्यावर घट्ट बसते.

लग्नाला जायचं असेल, साड्या आणि दागिन्यांचे डबे न्यायचे असतील, किंवा डिसेंबरात दिल्लीला जाड स्वेटर लागणार असतील, तर ही बॅग पुरणार नाही. तान्हं मूल बरोबर असेल तरी नाही. तेव्हा चेक-इनची बॅग घ्यावी आणि हिच्यात फक्त हाताशी लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. दोन ते चार दिवसांच्या, लॅपटॉपसह केलेल्या प्रवासाला मात्र मी हीच पुन्हा घेईन, फक्त कोपऱ्यांना दुहेरी कापड असलेली मिळाली तर ती आधी. दुकानात जाताना मोजपट्टी आणि घरचे चार कपडे घेऊन जा, बॅग तिथेच भरा आणि जाडी मोजा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.