कमांड वुल्फ, माळरानाच्या रंगात: दहा महिन्यांचा अनुभव

कोतोबुकिया या जपानी कंपनीचा १/७२ मापाचा कमांड वुल्फ, म्हणजे लांडग्याच्या आकाराच्या झोइडचं जोडायचं प्लास्टिक किट, मी गेल्या ऑक्टोबरात तोक्योतल्या आकिहाबाराहून घरी आणलं. जोडला, सगळा सुटा केला, रंगवला आणि परत जोडला. तो पुरा व्हायला जुलै उजाडला. मध्ये ऑफिसच्या गडबडीत पाच-सहा आठवडे खोक्याला हातही लागला नव्हता, ते धरून हे दहा महिने. पुण्यातल्या दोन मित्रांनी ‘घ्यावा का?’ म्हणून विचारलंय. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो.

झोइड म्हणजे काय ते आधी. तोमी या जपानी खेळणी कंपनीने १९८०च्या दशकात ही यांत्रिक जनावरं आणली. सिंह, लांडगे, डायनासोर, विंचू, सगळे धातूच्या अंगाचे आणि आत चालक बसलेला. मूळचे झोइड चावीवर किंवा बॅटरीवर चालतात. गोंद न लावता जोडता येतात आणि चालताना आतली चाकं-दांडे कसे फिरतात ते बघायला मिळतं. कोतोबुकिया २००६पासून त्याच जनावरांची एचएमएम नावाची मालिका काढते. यात मोटर नाही. जनावर स्वतः चालत नाही, पण खुबा, गुडघा, घोटा, मान, जबडा हे सगळं हाताने वळवून हवं तसं उभं करता येतं. घरात लहान मूल असेल आणि त्याच्यासाठीच घ्यायचा असेल तर तकारा तोमीचा (तोमीचंच आताचं नाव) चालणारा झोइड घ्या. एचएमएममध्ये नखाएवढे तुकडे शेकड्याने असतात. ते मोठ्यांनी शांतपणे बसून करायचं काम आहे.

मला यात सगळ्यात आवडलं ते जोडण्याचा क्रम. आधी आतला सांगाडा होतो, मग त्यावर चिलखत चढतं. मागचा पाय जोडताना मांडीचं हाड, गुडघा, उलटा वाकणारा घोटा एकेक करून हातात येतात आणि लांडगा पंजाच्या टोकांवर चालतो हे बोटांना कळतं. नुसत्या चित्रावरून ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पहिल्यांदा रंग न लावता जोडायला मला संध्याकाळच्या वेळात अकरा दिवस लागले. तेवढ्यावरच थांबलो असतो तरी पैसे वसूल होते. प्लास्टिक मुळातच रंगीत असल्यामुळे न रंगवताही तो फडताळावर शोभतो.

पण मला तो खोक्यावरच्या रंगात नको होता. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात सासवडच्या बाजूच्या माळावर पहाटे मी लांडगा पाहिला होता. आपल्याकडचा लांडगा अंगाने बारीक, पायांनी लांब. रंग वाळक्या गवताचा, पाठीवर काळ्या टोकांच्या केसांची धूसर पट्टी, पायांच्या बाहेरच्या अंगाला थोडा तांबूसपणा, हनुवटी आणि गळा फिकट. तो गवतात थांबला की दिसेनासा व्हायचा आणि चालायला लागला की पुन्हा दिसायचा. आपला कमांड वुल्फ तोच व्हायला हवा, हे मी दुकानातच ठरवलं होतं.

रंगकामाबद्दल मला थोडाफार विश्वास होता, त्याचं कारण पेण. माझ्या काकांचा तिथे गणपतींचा कारखाना आहे. लहानपणी मे महिन्याची सुट्टी तिथेच जायची. मूर्ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, मग पीतांबर-शेला, मग दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी काका स्वतः करायचे. तेव्हा आम्ही पोरं बोलायचोसुद्धा नाही. सांगाडा जोडून झाला तेव्हा मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “अरे, हा पाय हलवतोस तिथे रंग राहील का?”

त्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या पाच महिन्यांतलं निम्मं काम त्या एका प्रश्नापायीच दोनदा करावं लागलं.

मूर्ती हलत नाही, म्हणून ती अखंड रंगवता येते. हे जनावर हलतं, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा रंगवावा लागतो. शिवाय रंगाला जाडी असते. प्रायमर म्हणजे अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मिळून तो थर डोळ्याला जाणवत नाही, पण कारखान्यातून बरोबर मापाने आलेल्या खुंटीला आणि भोकाला तो पुरेपूर जाणवतो. पहिल्या खेपेला मी मागच्या दोन्ही पायांचे तुकडे कडेपासून कडेपर्यंत रंगवले. जोडताना खुबा इतका घट्ट बसला की वळवताना कर्र असा आवाज आला. पुन्हा उघडला तर खुंटीवरचा रंग सोलून गोळा झाला होता आणि मांडीच्या आतल्या बाजूला नखभर प्लास्टिक उघडं पडलं होतं. दोन्ही पाय थिनरने पुसून शून्यापासून केले.

त्यानंतर एक पद्धत बसवली आणि ती शेवटपर्यंत पाळली. रंगवण्याआधी पूर्ण जनावर कोरडं जोडायचं. प्रत्येक सांधा टोकापासून टोकापर्यंत वळवायचा आणि जिथे तुकड्याला तुकडा घासतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. खुंट्यांवर मास्किंग टेप गुंडाळायची, भोकांत कागदाची सुरळी बसवायची. चिलखताचे दोन तुकडे एकमेकांना घासत असतील तर आतल्या कडेवरून ८०० नंबरचा पॉलिश पेपर दोन-चारदा फिरवायचा, म्हणजे रंगाला जागा होते. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि त्याला दोन शनिवार-रविवार जातात, पण या टप्प्याला फाटा देऊ नका. उलट एखादा सांधा सैल असेल तर खुंटीवर सुपरग्लूचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच भोकात घाला. सांधा घट्ट होतो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. चिलखताच्या खाचांत गडद रंग भरायला एनॅमलची पातळ शाई मिळते. टोक टेकवलं की ती खाचेतून आपोआप पळते, बघायला फार छान वाटतं. मी ती पुढच्या घोट्याच्या उघड्या, न रंगवलेल्या तुकड्यावर लावली. तुकडे ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या रनरवर प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो, त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. तो तुकडा एबीएसचा होता आणि खुंटी त्यात दाबून बसलेली होती. एबीएसवर ताण असताना एनॅमलचा थिनर आत मुरला की ते तडकतं. सकाळी उठून बघतो तर घोटा उभा चिरलेला. मिनिटभर नुसता बघत बसलो. शेवटी १ मिलिमीटरची पितळी तार आत घालून तो सांधला, आजही टिकून आहे. तेव्हा आधी लॅकर रंगाचा थर, मग खाचांची शाई, आणि शाई लावताना तुकडा सुटा, हे तिन्ही पाळा.

रंगाविषयी. मी मिस्टर कलर हे लॅकर वापरलं. एक भाग रंगाला दीड ते दोन भाग थिनर, ०.३ मिलिमीटरचा एअरब्रश, दाब ०.१ मेगापास्कलच्या आसपास. लॅकर मिनिटांत वाळतं, थर पातळ बसतो आणि चूक झाली तर घासून काढता येतं. सांध्यांचं जे वर सांगितलं ते लक्षात घेता पातळ थर हा मोठा गुण आहे. पण वास उग्र असतो आणि तो अंगाला बरा नाही. बाष्पाचे फिल्टर असलेला मास्क आणि खिडकीबाहेर हवा टाकणारा बूथ नसेल तर लॅकरला हात लावू नका. निशी-कासाईतल्या माझ्या एका खोलीच्या घरात बूथने खिडकीखालची सगळी जागा खाल्ली. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी तोक्योत तासावर भाड्याने बूथ देणाऱ्या जागा आहेत. पहिले दोन रविवार मी तिथेच शिकलो आणि ते पैसे योग्य जागी गेले असं आजही वाटतं. पुण्याच्या मित्रांनो, लॅकर आणि थिनर ज्वालाग्राही, विमानातून आणता येत नाहीत. माझ्याकडून बाटल्यांची आशा धरू नका. तिथे जे पाण्याचे अॅक्रिलिक मिळतात त्यांनीच सुरुवात करा.

लांडग्याची कातडी कशी केली ते सांगायला मला सगळ्यात आवडेल. सांगाड्याला आधी काळा, त्यावर गनमेटल. चिलखताला करडं प्रायमर, मग खाचांच्या कडेकडेने गडद तपकिरी, मग प्रत्येक पत्र्याच्या मधोमध वाळक्या गवताचा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी, आतला तपकिरी कुठे दिसेल कुठे बुजेल असा. एकसारखा रंग मारला असता तर ते प्लास्टिकच दिसलं असतं. पाठीचा धूसर पट्टा टेप लावून केला तर कडा धारदार येते, लांडग्याला अशी कडा नसते. म्हणून दाब कमी केला, रंग आणखी पातळ केला आणि ब्रश अगदी जवळ धरून बारीक रेघा मानेपासून शेपटीकडे ओढल्या. शंभर-दीडशे रेघा असतील. तुकडे सुटे असल्यामुळे पट्टा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट जुळेना. मग पाठीचे तुकडे तेवढ्यापुरते टेपने जोडून ठेवले. म्हणजे पेणचीच पद्धत थोडी परत आली. खाचांत काळ्याऐवजी तपकिरी शाई भरली. वाळक्या गवतावर काळी रेघ परकी वाटते.

झीज कुठे दाखवायची यावर मी बराच विचार केला. चरे सगळीकडे सारखे मारले की ते सजावट वाटतात. हे जनावर धावतं, तर आधी काय घासेल? नखं, पंजाची पुढची कड, घोट्याचा पुढचा भाग. जबडा उघडतो-मिटतो, तर दातांच्या मुळाशी. चालक चढत असेल तर डोक्याच्या झाकणाजवळची कड. एवढ्याच ठिकाणी मऊ स्पंजच्या तुकड्याने चंदेरी टिपके दिले. माळाच्या मुरमाची धूळ म्हणून कोरडी रंगपूड पंजांपासून गुडघ्यापर्यंत लावली, पोटाखाली थोडी. त्याहून वर काही नाही. पाठीवर धूळ मारण्याचा मोह झाला होता, पण पाठीवरचा पट्टा झाकला गेला असता.

जूनमध्ये पावसाळा लागला आणि घाईने घात केला. मॅट क्लिअरचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. आर्द्रता ऐंशीच्या वर होती तरी मी मारला. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी तिथे धरतं आणि थर दुधाळ होतो. इथे त्याला काबुरी म्हणतात. वरून माझ्या कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठत होतं. तो टाकी नसलेला, स्वस्तातला होता, वीस मिनिटांत तापायचा आणि हवा धडधडत सोडायचा. छातीचे दोन पत्रे पांढरट पडले. कोरडा दिवस बघून रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा दिला तेव्हा एक पूर्ण सुधारला, दुसऱ्यावर तिरकं बघितलं की अजून सावट दिसतं. कॉम्प्रेसर घ्याल तर टाकीवाला घ्या आणि नळीवर पाणी धरणारा फिल्टर बसवा. या एका गोष्टीत पैसे वाचवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोक्योची हवा कोरडी असते. रंगाचं काम तेव्हाच उरकावं, पावसाळ्यात घासणं-जोडणं करावं.

हत्यारांत खर्चाच्या लायकीचं एकच वाटलं, ते म्हणजे पातळ पात्याचं निपर, म्हणजे तुकडे कापायची पक्कड. तुकडा रनरला जिथे जोडलेला असतो ते गेट दोनदा कापायचं, आधी लांबून आणि मग तुकड्याला लागून, म्हणजे पांढरा डाग पडत नाही. पण त्याने पारदर्शक तुकड्यांची जाड गेटं कापू नका. मी कापली आणि पात्याचा टवका उडाला. जाड कामाला साधं निपर वेगळं ठेवा. किट सहा हजार येनांच्या आसपास पडलं, बाकीचं सामान मिळून त्याच्या आठ पट. पुढच्या किटला तो खर्च पुन्हा करावा लागत नाही, पण पहिल्या वेळी घरच्यांना आधी सांगून ठेवा.

डोक्यावरचं पारदर्शक झाकण मी मुद्दाम शेवटी बसवलं. मॅट क्लिअर त्यावर उडाला तर ते आंधळं होतं, म्हणून ते पहिल्यापासून वेगळ्या डबीत होतं. बसवण्याच्या संध्याकाळी काकांना पुन्हा कॉल लावला. त्यांच्याकडे गणपतीच्या कामाची धांदल होती, मागे रंगाची स्प्रे गन चालू असल्याचा आवाज येत होता, तरी त्यांनी ती बंद करायला लावली. मी झाकण दाबलं, टक आवाज आला. मान थोडी खाली, एक पंजा उचललेला, मागचं अंग किंचित दबलेलं, माळावर बघितला होता तसा उभा केला आणि फोन त्याच्याभोवती फिरवला. काका म्हणाले, “आता ह्याला दिसतंय.” मग विचारलं, “आणि तो पाय?”

पाय मी त्यांना वळवून दाखवला. रोज हाताळून डाव्या खुब्याच्या बाहेरच्या कडेला तांदळाएवढा रंग उडालाय. तिथली पेन्सिलीची खूण माझ्या नजरेतून सुटली होती. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की तेवढा तुकडा काढून पुन्हा करणार आहे.