कंपनीचा प्लेअर सोडून एचएलएस: वाचनालयाच्या प्रक्षेपणाचे आठ महिने

आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर जानेवारीत असते. सात दिवस, सात पुष्पं. त्याचं थेट प्रक्षेपण मी बघतो, म्हणजे नोकरी सांभाळून, बिनपगारी. गेल्या नोव्हेंबरात आम्ही जुन्या कंपनीचा प्लेअर सोडला आणि सगळं खुल्या मानकांवर, मुख्यतः एचएलएस या इंटरनेटवरून व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याच्या पद्धतीवर आणलं. आता जुलै उजाडलाय. मधे व्याख्यानमाला झाली, मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम झाला, उन्हाळ्यात मुलांची कथाकथन कार्यशाळा झाली. अशा कामात पडणाऱ्या इतर संस्थांना उपयोग होईल म्हणून जे घडलं ते लिहितोय. फजित्यांसकट.

आधी जुनं प्रकरण. पाच वर्षं आम्ही एका कंपनीची सेवा घेत होतो. वर्षाला २८ हजार रुपये. त्यांचा एन्कोडर (चित्र आवळून पाठवण्याजोगं करणारा), त्यांचा सर्व्हर, त्यांचा प्लेअर, त्यांचं अ‍ॅप. चाललं तोवर उत्तम चाललं, हे कबूल. चित्र छान, एक बटण दाबलं की लाइव्ह. मग एक दिवस मेल आला की जुना प्लेअर तीन महिन्यांत बंद होतोय, नवीन योजनेत या. नवीन योजना आमच्या ऐपतीबाहेरची. म्हटलं, निदान आमची रेकॉर्डिंग द्या. त्यांनी दिली! हार्ड डिस्कभर फाइल. एकही फाइल कुठल्याही प्लेअरमध्ये उघडेना. तुकडे त्यांच्या स्वतःच्या बांधणीतले, किल्ली त्यांच्या प्लेअरच्या पोटात, आणि प्लेअर तर बंद झालेला. पाच वर्षांची ३५ व्याख्यानं. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल शोधून २१ मिळाली. १४ गेली. त्यातले दोन वक्ते आज हयात नाहीत.

हे ऐकल्यावर कार्यकारिणीत ‘मानक’ या शब्दावर कुणी जांभई दिली नाही.

आता नवी मांडणी. सभागृहात एक कॅमेरा, एक लॅपटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ हे चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर. तिथून चित्र भाड्याच्या सर्व्हरवर जातं. सर्व्हरवर एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर त्याच्या चार आवृत्त्या बनवतं: ७२०पी १,५०० केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट), ४८०पी ८०० ला, २४०पी ३०० ला आणि चौथी नुसता आवाज, ६४ केबीपीएस. प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिली जाते. बघणाऱ्याचा फोन ती यादी वाचतो, तुकडे एकेक करून उतरवतो, नेटवर्क ढेपाळलं की खालच्या आवृत्तीचा पुढचा तुकडा मागतो. एचएलएस म्हणतात ते एवढंच. ती यादी नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते. पहिल्यांदा उघडली तेव्हा मला रेशनकार्ड वाचल्यासारखं वाटलं: कोण, किती, कुठलं, सगळं समोर.

हे तुकडे म्हणजे वेबसाइटवरच्या चित्रांसारख्याच साध्या फाइल. कुठलाही वेब सर्व्हर त्या वाढू शकतो, कुठलीही कॅशिंग सेवा, म्हणजे प्रती साठवून आपल्याकडून वाढणारी सेवा, त्या साठवू शकते. फ्लॅश या ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या अडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या काळात असं नव्हतं. तेव्हा आरटीएमपी नावाच्या पद्धतीत प्रत्येक प्रेक्षकासाठी खास सर्व्हरशी जोडणी सतत उघडी ठेवावी लागे. गंमत अशी की फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपला, पण लॅपटॉपवरून सर्व्हरकडे चित्र चढवायला आम्ही अजून आरटीएमपीच वापरतो. २००९ मध्ये अडोबीनं तिचा तपशील प्रसिद्ध केला म्हणून ती फ्लॅशच्या मागे उरली. फ्लॅशसारख्याच, मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचं नशीब वेगळं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं अमेरिकेतलं ऑनलाइन प्रक्षेपण त्यावर झालं होतं, आज त्याचं नावही नव्या पोरांना माहीत नाही.

व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. १२० च्या आसपास लोक. दुसऱ्या दिवशी, सात वाजून दहा मिनिटांनी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस. वक्ते एकच वाक्य बोलतात आणि चित्र गोठतं. सभागृहात तर ते पुढे बोलताहेत. मला घाम फुटला. सर्व्हर बघितला, तुकडे व्यवस्थित बनत होते.

तेवढ्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत असतो, लाइव्ह बघत होता. म्हणाला, “मामा, तुझी यादीच शिळी येतेय. कॅशवाल्यांना तू यादीसुद्धा तासभर साठवायला सांगितलंयस.” बरोबर होतं. तुकडा एकदा बनला की बदलत नाही, तो खुशाल महिनाभर साठवा. यादी मात्र दर काही सेकंदांनी नवी होते. ती साठवायची मुदत दोन सेकंदांवर आणली आणि चार मिनिटांत चित्र हललं.

या चार मिनिटांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण आठ महिन्यांत शिकलो ते यातच आहे. भाच्याकडे आमच्या सर्व्हरचा पासवर्ड नव्हता. त्यानं ती यादी आपल्या ब्राउझरमध्ये उघडली, तिच्यासोबत आलेली साठवणुकीची सूचना वाचली आणि दोष सांगितला. त्याच्या जागी नगरचा, बेळगावचा, कुठलाही जाणकार असता तरी हेच करू शकला असता. जुन्या कंपनीच्या वेळी असंच एकदा चित्र अडकलं होतं. तेव्हा मला तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘आमची टीम बघत आहे’ असं उत्तर. टीमनं बघितलं असेलही. कार्यक्रम संपून आभारप्रदर्शन झालं होतं. चित्राच्या दर्जात मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. फरक बिघडल्यावर कळतो.

पाचव्या दिवशी भाड्याचा सर्व्हरच बसला. दुपारी तीन वाजता, कार्यक्रमाला चार तास. दुसऱ्या कंपनीकडे दुसरा सर्व्हर घेतला, एफएफएमपेगची तीच आज्ञा तिथे चालवली, आमच्या डोमेनचा पत्ता तिकडे वळवला. पाऊण तास लागला. प्रेक्षकांनी ना अ‍ॅप बदललं, ना लिंक. बहुतेकांना अजूनही माहीत नाही. शेवटच्या दिवशी ३०० वर लोक होते.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे उशीर. सुरुवातीला तुकडे सहा सेकंदांचे ठेवले होते. प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी धरून मग सुरू होतो, वर एन्कोडिंगचा वेळ, म्हणजे सभागृहातलं घरी पंचवीसेक सेकंदांनी पोचतं. प्रश्नोत्तरांत एका काकांनी प्रश्न विचारला. त्यांची लेक पुण्याहून बघत होती. तिनं लगेच फोन केला, “बाबा, कधी विचारताय?” तोवर उत्तर मिळून टाळ्याही झाल्या होत्या. मी हट्टानं तुकडे दोन सेकंदांवर आणले. उशीर दहा सेकंदांवर आला, पण घाटातल्या गावांत चकरी फिरायला लागली. शेवटी चार सेकंदांवर तह केला. कमी उशिराचं एचएलएस २०१९ पासून आहे, तुकड्याचेही तुकडे करून पाठवतं, पण माझ्या सर्व्हरवर ते नीट बसेना. सोडून दिलं. व्याख्यान आहे, क्रिकेट नाही.

दुसरी फजिती पूर्ण माझी. आवृत्ती बदलताना एखादा शब्द गिळला जायचा. कारण असं निघालं की तुकडा फक्त कीफ्रेमवरच, म्हणजे आधीच्या चित्रांवर न टेकलेल्या पूर्ण चित्रावरच, नीट कापता येतो, आणि मी कीफ्रेम किती अंतरानं यावी हे एन्कोडरच्या मर्जीवर सोडलं होतं. चारही आवृत्त्या वेगवेगळ्या जागी कापल्या जात होत्या. दर दोन सेकंदांनी सक्तीची कीफ्रेम लावली आणि प्रश्न मिटला. हे कुठल्याही मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर असतं. मी दुसऱ्या पानापासून वाचायला घेतलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हर महिना ९०० रुपये, पण डेटा मोजून लागतो. दीड तासाचं व्याख्यान ४८०पीमध्ये एका माणसाला ५४० एमबी पडतं. ३०० माणसं म्हणजे १६० जीबीच्या आसपास, एका संध्याकाळचे. हा हिशेब आधी करा. आम्ही कॅशिंग सेवा घेतली म्हणून बिल आवाक्यात राहिलं.

चौथी आवृत्ती, नुसत्या आवाजाची, मी सहज म्हणून ठेवली होती. दीड तासाला ४३ एमबी. तीच सगळ्यात लाडकी ठरली. आमचे एक जुने आजीव सभासद, नाना, आता कोकणात मुलाकडे असतात. फोन उशाशी ठेवून आकाशवाणीसारखं ऐकतात. मला म्हणाले, “चित्र कशाला हवंय? त्यांचे हातवारे मी चाळीस वर्षं बघतोय.”

“हे सगळं फुकटच्या मोठ्या व्हिडिओ साइटवर का नाही टाकत?” असं दर बैठकीत कुणीतरी विचारतं. टाकतो, तिथेही टाकतो. ओबीएसमधून निघालेलं चित्र एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवता येतं. पण एकदा व्याख्यानात नाट्यगीताची जुनी ध्वनिमुद्रिका अर्धा मिनिट वाजवली आणि अशाच एका साइटवर आमचं लाइव्ह मध्येच बंद पडलं. तेव्हापासून मूळ प्रत आपल्या घरी, पाहुण्यांकडे दुसरी.

आता जाणकार कपाळाला आठ्या घालतील तो मुद्दा. एचएलएस खरंच ‘खुलं’ आहे का? ते अ‍ॅपलनं २००९ मध्ये आयफोनसाठी काढलं. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८२१६ म्हणून छापलं गेलं, पण ते माहितीपर दस्तऐवज म्हणून. सुकाणू अ‍ॅपलच्याच हाती आहे. मानक म्हणून सोवळ्यातलं म्हणायचं तर एमपेग डॅश ही त्याच कामाची दुसरी पद्धत, २०१२ चं आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक, समितीत बसून केलेलं. बरीच वर्षं दोन्हींसाठी वेगवेगळे तुकडे करून जागा दुप्पट खर्चावी लागायची. २०१६ मध्ये अ‍ॅपलनं एचएलएसमध्ये एमपी४ जातीचे तुकडे चालवून घेतले, २०१८ मध्ये सीमॅफ हे तुकड्यांच्या समान बांधणीचं मानक आलं, आणि आता तेच तुकडे ठेवून नुसत्या याद्या दोन लिहिल्या की भागतं. आमचे जुने सभासद आयफोनपासून दहा वर्षांच्या टीव्हीपर्यंत सगळं वापरतात, म्हणून मी एचएलएस निवडलं. डॅशची यादीही शेजारी ठेवलीय. ती कोण वापरतं देव जाणे.

माझी कसोटी ढोबळ आहे: कागद वाचून तिसरा माणूस, कुणाला न विचारता, चालणारा प्लेअर लिहू शकतो का? एचएलएसबाबत लिहिलाय. आमच्या पानावरचा एचएलएस डॉट जेएस हा प्लेअर अ‍ॅपलचा नाही. व्हीएलसीमध्येही आमची लिंक चिकटवली की चालते. जुन्या कंपनीचं काहीच या कसोटीला उतरलं नसतं.

आणि खुलं म्हणजे फुकट असा घोळ करू नका. आम्ही वापरतो तो एच.२६४ कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) २००३ चा, मानक जाहीर, पण त्यावर पेटंटं. त्याच्या धाकट्या भावाचं, एचईव्हीसीचं, तर परवान्यांचे इतके वेगवेगळे ठेकेदार झाले की त्या वैतागातून बड्या कंपन्यांनी मिळून २०१८ मध्ये एव्ही१ काढला, विनारॉयल्टी. मी जुनी व्याख्यानं एव्ही१ मध्ये करून बघितली. फाइल सुरेख लहान होते, पण माझ्या लॅपटॉपचा पंखा रात्रभर घोंगावत राहिला आणि नानांच्या फोनवर ते चाललंच नाही. सध्या एच.२६४ वरच आहोत.

एका वक्त्यांनी अट घातली की व्याख्यान कुणाला उतरवून घेता येऊ नये. खुल्या तुकड्यांवर कुलूप लावायची सोयही मानकांत आहे. मोठे ओटीटीवाले तेच करतात, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपल यांची तीन वेगवेगळी कुलपं लावून. ब्राउझरमध्ये या कुलपांना दार ठेवणारं मानक सप्टेंबर २०१७ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं मंजूर केलं, तेव्हा ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था निषेध म्हणून तिथून बाहेर पडली. मी सरांना स्पष्ट सांगितलं की आम्ही कुलूप लावत नाही. किल्ली हरवण्याचा अनुभव आमच्याकडे १४ व्याख्यानांचा आहे. त्यांनी फक्त लाइव्हला परवानगी दिली. संग्रहात ते पुष्प नाही. त्यांचा हक्क.

सध्या चालू आहे ते उपशीर्षकांचं काम. ऐकायला कमी येणारे चार-पाच सभासद आहेत. वेबव्हीटीटी ही फाइलसुद्धा साधा मजकूर असते: कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत आणि खाली वाक्य. त्यामुळे आमच्या ग्रंथपाल मॅडमना कुठलंही खास सॉफ्टवेअर शिकवावं लागलं नाही. रोज दुपारी वाचक कमी असतात त्या वेळात त्या टाइप करतात. पहिली तीन पुष्पं झाली आहेत. चौथं अकराव्या मिनिटावर आहे, कारण वक्त्यांनी म्हटलेली एक ओवी त्यांना मूळ पोथीत सापडत नाहीये आणि तपासल्याशिवाय त्या पुढे जायला तयार नाहीत.