माइनचा कागद: लाइट नॉव्हेल वाचण्याचा काही महिन्यांचा अनुभव

जपानी लाइट नॉव्हेल, म्हणजे तरुण वाचकांसाठीची, मधेमधे चित्रं असलेली सोपी कादंबरी, वाचायची असेल तर 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म'पासून सुरुवात करा, असं मी आता कुणालाही बिनदिक्कत सांगते. पावसाळ्यात फोनवर हातकागदाबद्दल शोधता शोधता या मालिकेचा पत्ता लागला. आधी ॲनिमे, म्हणजे तिच्यावरची जपानी कार्टून मालिका, पाहिला, मग इंग्रजीतून पुस्तकं घेतली. दिवाळी उलटली, अजून त्यातच आहे.

पुस्तकवेडी एक तरुणी भूकंपात पुस्तकांच्याच ढिगाखाली दबून मरते आणि दुसऱ्या जगात माइन नावाच्या आजारी, गरीब मुलीच्या देहात जागी होते. तिथे पुस्तकं फक्त सरदारांच्या घरी. मग ही पोर पुस्तक स्वतःच करायला निघते. मातीच्या पाट्या फसतात, लाकडाच्या पट्ट्या आई सरपण समजून चुलीत घालते. शेवटी झाडाची साल वाफवून, सोलून, राखेच्या पाण्यात शिजवून, कुटून कागद हाती येतो.

पण मला धरून ठेवलं ते तिच्या घराने. आई रंगाऱ्याकडे कामाला, बहीण शिवण शिकतेय, बाप वेशीवर पहारेकरी. आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूरकडे मागावर पोट असलेल्या घरांत वाढलेल्या माणसाला हे घर परकं वाटत नाही. कोण कुणाच्या हाताखाली शिकणार, मालाचा भाव कसा ठरणार, करारात कुणाचा हिस्सा किती, हे सगळं लेखिका मिया काझुकी सावकाश सांगतात. २०१३ ते २०१७ या काळात त्यांनी ही गोष्ट वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने लिहिली. २०१५ पासून पुस्तकं निघाली आणि २०२३ मध्ये ३३ खंडांवर मुख्य कथा संपली. ॲनिमेच्या पहिल्या तीन सीझनच्या ३६ भागांत यातले पहिले सातच खंड येतात, आणि व्यापाऱ्यांशी होणारी लांबलचक घासाघीस त्यात बरीच आटोपती घेतली आहे. मला तीच सगळ्यात आवडते.

त्रास म्हणाल तर पुढे सरदारांची नावं इतकी येतात की वहीत लिहून ठेवावी लागतात. रंगीत चित्रं ई-रीडरच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मरून जातात, ती फोनवर पाहते. 'दुसऱ्या जगात पुनर्जन्म' छापाच्या आणखी काही मालिका चाळल्या. बहुतेकांत नायकाला शक्ती आयती मिळते, काम कुणी करतच नाही. त्या सोडून दिल्या.

अपवाद 'स्पाइस अँड वुल्फ'चा. इसुना हासेकुरांच्या या मालिकेचा पहिला खंड २००६ चा. फिरता व्यापारी लॉरेन्स आणि लांडगीण-देवता होलो एका नाण्यातल्या चांदीचा घोळ उलगडतात. होलो नाणी खुळखुळवून त्यांच्या आवाजावरून फरक ओळखते. निपाणीच्या मामांनी तंबाखूच्या व्यापारात आयुष्य काढलंय. त्यांना हे सांगितलं तर ताठ बसले. "आमचा आजा रुपाया वाजवूनच घ्यायचा. पुढं काय झालं सांग की!" मग रोज जेवणानंतर थोडं थोडं सांगत सबंध खंड मराठीत ऐकवला.

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक मराठीत आलं आणि किती घरांत वाचलं गेलं! कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांच्या स्टॉलवर मी लाइट नॉव्हेलचा अनुवाद विचारला, मिळाला नाही. कुणी मनावर घेणार असेल तर 'बुकवर्म'चे पहिले तीन खंड एकदम आणावेत. कथेचा पहिला टप्पा तिथे पुरा होतो, आणि एकटा पहिला खंड वाचून कुणाचंच समाधान व्हायचं नाही.