फायरफॉक्स: काही महिने वापरल्यावर, आणि त्या बदललेल्या अटींबद्दल

मी इंदूरला घरूनच जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून देते. गिऱ्हाइकं बहुतेक सियागंज आणि शीतलामाता बाजारातले दुकानदार. त्यांचे पासवर्ड, पॅन, बँकेचे उतारे, सगळं माझ्या एकाच संगणकावरून जातं. आधीच्या ब्राउझरने एका अपडेटनंतर मी काय पाहते त्यावरून जाहिरातींसाठी माझ्या आवडीनिवडी टिपायला सुरुवात केली. तेव्हाच मी तो सोडला आणि मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला.

फायरफॉक्समधलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं म्हणजे मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे मोझिलाचंच एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची सोय. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कंटेनर म्हणजे कप्पा, त्याचा वेगळा रंग, वेगळ्या कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी). शेजारशेजारच्या टॅबमध्ये दोघांची लॉगिन उघडी राहतात, एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. सियागंजातला व्यापारी एका खातेदाराची चोपडी दुसऱ्याला दाखवत नाही, तसंच हे. जीएसटीआर-३बी या दरमहाच्या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ आली की सारखं लॉगआउट-लॉगिन करत बसावं लागत नाही, हा केवढा दिलासा आहे! शिवाय २०२२पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज मुळातच वेगळ्या कप्प्यात ठेवतो. डिजिटल स्वाक्षरीच्या कामापुरता मात्र दुसरा ब्राउझर ठेवावा लागला.

आता काळजीची बाजू. जुलै २०२४मध्ये आलेल्या १२८व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजण्याची एक सोय होती. कोणी कुठली जाहिरात पाहिली हे उघड न करता फक्त एकत्रित आकडे जाहिरातदाराला मिळावेत, अशी तिची रचना. कल्पना वाईट नाही. पण ती आधीपासून चालूच ठेवलेली होती, नको असेल त्याने शोधून बंद करायची. ऑस्ट्रियातल्या नॉयब या गोपनीयतेसाठी लढणाऱ्या संस्थेने त्यावर तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रारही केली. मग फेब्रुवारी २०२५मध्ये मोझिलाने फायरफॉक्ससाठी पहिल्यांदाच वापराच्या अटी आणल्या. तुम्ही ब्राउझरमध्ये जे टाइप कराल त्याचा परवाना आम्हाला देत आहात, असा त्यांचा सूर होता. लोक संतापले, काही दिवसांतच ते कलम बदललं, आणि तुमच्या मजकुरावर आमची मालकी नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. पण 'तुमचा डेटा आम्ही कधीच विकणार नाही' हे जुनं वचन प्रश्नोत्तरांतून गेलं. काही ठिकाणच्या कायद्यांत विक्रीची व्याख्या फार व्यापक आहे, हे मोझिलाचं कारण. कायद्याच्या दृष्टीने ते पटतं. तरी मला ते वचन हवं होतं, कारण दुकानदाराला मी तेच सांगत होते.

मी फायरफॉक्स सोडलेला नाही. 'गोपनीयता व सुरक्षा'मध्ये जाऊन तांत्रिक माहिती पाठवणं आणि प्रयोगांत सहभाग, दोन्ही बंद केलंय. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ते पान पुन्हा उघडून बघते. मोझिलाकडे मागणं एकच आहे: जाहिरातींशी संबंधित काहीही नवं आणलंत तर ते बंद ठेवून द्या, आणि अपडेटनंतर उघडणाऱ्या पानावरच सरळ विचारा. कशासाठी हवंय ते समजावलंत, तर मी स्वतःहून चालू करेन.