ट्रेकमध्ये न मागितलेला सल्ला: लगेच द्यावा की आधी विचारून?

ग्रुपमधली एक मैत्रीण पेचात पडली होती. कळसूबाईला पहिल्यांदाच येणाऱ्या एका मुलाच्या बुटांचे तळवे अगदी झिजलेले होते. सरळ सांगावं, की आधी "एक सुचवू का?" म्हणून विचारावं? मी दोन्ही करून पाहिलंय.

वेळेचा प्रश्न असेल तर लगेच बोलणंच बरं. लोखंडी शिडीवर कुणी फोटोसाठी हात सोडला, किंवा आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली कुणी चूल पेटवायला लागलं, तर परवानगी कसली मागायची? धुराने माश्या उठल्या तर सगळा गटच सापडतो.

मानाचा प्रश्न आला की पारडं फिरतं. एका उतारावर मी एका काकांना सगळ्यांदेखत काठी धरायला शिकवायला गेले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पकड त्यांना डॉक्टरांनीच दाखवली होती. काका काही बोलले नाहीत, पण पुढे दिवसभर ते मागेच चालले. आधी विचारलं असतं तर मलाच काही नवं कळलं असतं. ती चूक मला अजून टोचते.

विचारायला कष्ट फारसे नाहीत. "नको" ऐकल्यावर खरंच गप्प राहणं मात्र जड जातं.

म्हणून जिवाला धोका असेल तर लगेच, दोन शब्दांत, कारणासकट सांगावं. बूट, सॅक, चालण्याचा वेग यांसाठी आधी विचारावं, तेही बाजूला घेऊन. त्या मुलाशी मैत्रिणीने पायथ्याच्या बारी गावातच बोलावं, चढाई सुरू व्हायच्या आधी.