दोन सीट, एक डेटाबेस आणि बाबांची वही

गोव्यात फोंड्याला आमचं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. विक्री बाबा बघतात, सर्व्हिस माझ्याकडे. मे संपता संपता पहिला पाऊस येतो, माडाचं चुडत तारेवर पडतं आणि दुकानातला फोन जो वाजायला लागतो तो थेट गणेश चवथीपर्यंत. तक्रारी लिहायला एक लांबलचक वही. टेक्निशियन पाच, वही एक. म्हार्दोळला गेलेल्या माणसाला शेजारच्या बांदोड्याची तक्रार कळायची ती संध्याकाळी दुकानात परतल्यावर.

ही वही बंद करायची म्हणून गेल्या दोन वर्षांत मी फायरबेस, सुपाबेस, फ्रेशडेस्क आणि झोहो डेस्क असं सगळं वापरून पाहिलं. यातले पहिले दोन आणि शेवटचे दोन एका पंगतीत बसणारे नाहीत, हे आधी सांगते, कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. फायरबेस आणि सुपाबेस या अ‍ॅपमागचा डेटाबेस पुरवणाऱ्या सेवा, म्हणजे चिरे, वाळू, सिमेंट; घर तुम्ही बांधायचं. फ्रेशडेस्क, झोहो ही हेल्प डेस्क, गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांभाळणारी तयार सॉफ्टवेअर, म्हणजे बांधलेला फ्लॅट. भिंत हलवता येत नाही, पण आज राहायला जाता येतं.

दुकानात येण्याआधी मी पर्वरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्यामुळे ‘विकत कशाला, मीच बांधते’ ही खाज होतीच. फायरबेस निवडलं. ही कंपनी २०१४ मध्ये गूगलने विकत घेतली. त्यांचा फायरस्टोअर डेटाबेस सुरुवातीला फुकट मिळतो: दिवसाला ५०,००० वाचनं, २०,००० लेखनं. पाच माणसांच्या दुकानाला एवढं म्हणजे समुद्रच, असं मला वाटलं. दोन आठवड्यांत अ‍ॅप तयार झालं, टेक्निशियन खूश.

जूनमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास सगळ्यांच्या फोनवर यादी येणं बंद. मी घरचं वायफाय, मोबाइलचं नेटवर्क, देव, सगळ्यांना दोष देऊन झालं. चूक माझी होती. फायरस्टोअर दर नोंदीच्या वाचनाचा हिशेब ठेवतो, आणि माझं अ‍ॅप उघडलं की जुन्या वहीतून चढवलेल्या सगळ्या चार हजार तक्रारी सर्व्हरवरून नव्याने मागवत होतं. तेरा वेळा अ‍ॅप उघडलं की बावन्न हजार. पाच जणांनी सकाळचा चहा घेता घेता कोटा संपवला होता! आणि हा कोटा नव्याने मिळतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास. पोरं शीतकडी जेवायला बसली आणि अ‍ॅप चालू झालं. पैसे भरायच्या योजनेत हे असं थांबत नाही, पण तिथे बजेटची सूचना फक्त इशारा देते, मीटर थांबवत नाही. फक्त उघड्या तक्रारी मागवायच्या एवढा एक बदल केला, प्रश्न मिटला.

तरी मी फायरबेस सोडलं, ते वेगळ्याच कारणाने. बाबांनी एकदा सहज विचारलं, “पुढच्या महिन्यात वॉरंटी संपणाऱ्या आणि वर्षात दोनदा तक्रार आलेल्या बॅटऱ्या किती गो?” आमच्या धंद्यात हा प्रश्न पैशाचा आहे, कारण वॉरंटी संपायच्या आत बॅटरी कंपनीकडे परत गेली तर बदलून मिळते. फायरस्टोअरमध्ये ग्राहक, बॅटरी आणि तक्रार यांचे तीन गठ्ठे वेगवेगळे. ते जोडून विचारायची सोय नव्हती. मी तीन वेळा मागवून हाताने जोडत बसले. सुपाबेसच्या खाली पोस्टग्रेस हा तक्ते एकमेकांना जोडू देणारा डेटाबेस आहे, तिथे हाच प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत पाच ओळींत सुटतो. शिवाय ते मुक्तस्रोत आहे, उद्या सुपाबेसचं दुकान बंद झालं तर डेटा उचलून दुसरीकडे नेता येतो. फेसबुकने घेतलेलं पार्स जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं, हे या क्षेत्रातले लोक विसरलेले नाहीत.

सुपाबेसची फुकट योजना मात्र धंद्याला घेऊ नका. आठवडाभर वापर नसेल तर प्रोजेक्ट झोपवून ठेवतात आणि रोजचा बॅकअप मिळत नाही. महिना २५ डॉलरपासूनची योजना घ्यावी लागते. ‘रो लेव्हल सिक्युरिटी’, म्हणजे कोणती नोंद कोणाला दिसावी याचे नियम, हे प्रकरण पहिल्याच दिवशी शिका. ते न लावता टेबल उघडं ठेवलं तर अ‍ॅपमधली चावी काढून कोणीही तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर वाचू शकतो. आणि एका बाबतीत फायरबेस निर्विवाद पुढे: नेटवर्क नसतानाचं काम. वाळपईच्या पुढे सत्तरीत रेंज जाते. फायरस्टोअर अँड्रॉइडवर नोंदी फोनमध्येच जपून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो, काही करावं लागत नाही. सुपाबेसमध्ये ते मला स्वतः बांधावं लागलं आणि अजून ते कुरकुरतं.

एवढं करूनही मूळ दुखणं तसंच होतं. तक्रार घ्यायची कोणी, उत्तर कोणी दिलं, गिऱ्हाइकाला परत फोन केला का? हे सगळं मी बांधायला घेतलं असतं तर दुसरी चवथ उजाडली असती. मग हेल्प डेस्ककडे वळले.

फ्रेशडेस्क चेन्नईत २०१० मध्ये जन्मलं. त्याची गोष्ट आमच्या धंद्यातली वाटते: संस्थापक गिरीश मातृभूतम यांचा टीव्ही अमेरिकेतून सामान आणताना फुटला आणि भरपाईसाठी त्यांना झगडावं लागलं. वापरायला ते सगळ्यांत सोपं. आमच्या काउंटरवरच्या मुलीला शिकवायला मला एक दुपार पुरली. झोहो डेस्कमध्ये मेनूंचं जंगल आहे, पण आम्ही हिशेब आधीपासून झोहोत ठेवतो, त्यामुळे गिऱ्हाइकाचं बिल आणि तक्रार शेजारी शेजारी दिसतात. झेंडेस्क या परदेशी हेल्प डेस्कचा डेमो पाहिला, चांगलं आहे, पण ते आमच्यासाठी नाही. फोंड्याच्या बाजारात भाजी आणायला बस काढण्यासारखं. फ्रेशडेस्क आणि झोहो या देशी दोघांचं बिल रुपयांत, जीएसटीसकट येतं. परदेशी सेवेचा दर महिन्याचा व्यवहार आमच्या बँकेने दोनदा नाकारला, तेव्हा या गोष्टीची किंमत कळली.

चाचणीत आणखी एक हेल्प डेस्क होतं, नाव घेत नाही. त्यात कामाच्या वेळेला दिवसाची एक सुरुवात आणि एक शेवट एवढंच टाकता यायचं. आमचं दुकान एक ते साडेतीन बंद. त्या अडीच तासांत सगळ्या तक्रारी ‘उत्तराला उशीर’ म्हणून लाल होऊन बसायच्या. त्यांच्या मदतनीसाला मी दोनदा लिहिलं. त्याला कळेचना की दुपारी दुकान बंद का असतं! गोव्यात धंदा करणाऱ्याने चाचणीत पहिल्यांदा हेच तपासावं. सुट्ट्यांची यादीही स्वतः भरावी लागते: चवथीचे दिवस, ३ डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन.

हेल्प डेस्कचा दर माणशी असतो, तिथे बहुतेक लोक फसतात. सात जणांना सात सीट घेतल्या असत्या तर बाबांनी मला घरी बसवलं असतं. आम्ही झोहोच्या दोनच घेतल्या: एक काउंटरवरच्या मुलीला, एक मला. तिथे तक्रार नोंदली की ती वेबहूकने, म्हणजे एका सेवेने दुसरीला आपोआप पाठवलेल्या निरोपाने, सुपाबेसमध्ये उतरते आणि टेक्निशियनला आमच्याच अ‍ॅपवर दिसते. बॅटरीचा सीरियल नंबर, पाण्याची पातळी, व्होल्टेज हे सगळं डेटाबेसमध्ये. बोलाचाली हेल्प डेस्कमध्ये.

नापास कोण? सगळेच, एका विषयात. आमची निम्मी गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवतात: “गो बाय, करंट गेलो, इन्वर्टर चलना.” उरलेली रोमी लिपीत कोंकणी लिहितात. तक्रारीचा प्रकार आपोआप ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिच्यासमोर हे सगळं ‘इतर’ या कप्प्यात जाऊन पडतं. काउंटरवरची मुलगी ऐकते आणि टाइप करते.

नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. झोहोच्या दोन सीट परत घेणार. तिसरी बाबांना हवी म्हणतात, पण परवा त्यांच्या खुर्चीखाली नवी कोरी लांब वही सापडली, पहिली अकरा पानं भरलेली.